पप्पांचं एक वाक्य

पप्पांना लकव्याचा झटका आला तेव्हा माझा भाऊ रत्नदीप शारजाला जाऊन पाच महिने झालेले. तिथे तो एसी दुरुस्त करतो. पप्पांचा हात दोनेक महिन्यांत सुधारला, जीभ मात्र मागेच राहिली. एकेक शब्द यायला वेळ लागायचा. आपण मध्येच सुचवला की ते मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जायचे, पण त्यावरचे कॉल तिथे बंदच. म्हणून रविवारी तो साधा आयएसडी करायचा, मिनिटाच्या हिशोबाने. आई तब्येतीचं सांगायची, मी औषधांचं, आणि शेवटी फोन पप्पांच्या कानाला. "र... रतन..." एवढं होईपर्यंत दादाचा बॅलन्स संपायचा. पुढचं वाक्य राहूनच जायचं. व्हॉइस मेसेजही करून बघितले. पण समोरून कुणाचं 'हं' ऐकू आल्याशिवाय पप्पांना बोलताच यायचं नाही.

मी ठाण्याला, नौपाड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. कल्याणच्या कोळसेवाडीतून रोज येते. दवाखान्याखाली प्रफुल्लभाऊंचं मोबाइलचं छोटं दुकान. एका दुपारी गेले आणि विचारलं, "शारजाला बोलायला सगळ्यात स्वस्त पॅक कुठलं?"

"किती बोलायचंय?"

"एकच वाक्य. पण त्याला किती वेळ लागेल माहीत नाही."

मग सगळंच सांगितलं. त्यांनी पॅकचा कागद उलटा करून ठेवला.

"पॅक घेऊच नका, पायलताई. सात वर्षं मी शारजाच्या शेजारी, अजमानला होतो. ऑफिसच्या मीटिंगची काही अ‍ॅप तिथे चालू दिलीत, त्यांच्यावर फुकट बोलता येतं. भावाच्या रूमवर वायफाय आहे?"

"आहे म्हणतो."

"नंबर द्या त्याचा."

पहिलं अ‍ॅप लावलं की कॉल सारखा तुटायचा. दुसरं दादाच्या जुन्या फोनवर चढेना. प्रफुल्लभाऊ तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, दादाला मेसेजवर समजावत राहिले. चौथ्या दिवशी दादाचा चेहरा माझ्या फोनवर स्वच्छ दिसला. मी पर्स उघडली तर म्हणाले, "विकलं काय मी, की पैसे घेऊ?"

रविवारी सकाळी आईने फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला. दादा म्हणाला, "जय भीम, पप्पा."

पप्पांनी हात जोडले. मग बोलायला लागले.

"तू... गेलास... तेव्हा..."

"हं."

"मी... खाली... खाली..."

आई शब्द द्यायला पुढे झाली. मी तिचा हात धरला. दादा तिकडे हलतसुद्धा नव्हता. त्याच्या मागे कुणीतरी बादलीत कपडे भिजवत होतं.

"हं पप्पा. खाली."

"खाली... आलो नाही."

हे खरं होतं. दादा निघाला त्या दिवशी पप्पा गुडघा दुखतोय म्हणून रिक्षापर्यंतही आले नव्हते. आम्हाला वाटलेलं, इथली नोकरी सोडली म्हणून रागावलेत. दादालाही तसंच वाटलेलं. त्यानंतर तो पप्पांशी जरा जपूनच बोलायचा.

"गुडघा... नव्हता. राग... नव्हता." पप्पांनी दम घेतला. "रडू... येत होतं. लोक... बघतील म्हणून..."

दादाने फोन छताकडे फिरवला. थोडा वेळ नुसता पंखा दिसत राहिला. मग आवाज आला, "पप्पा, मीपण रिक्षात रडलो. कोळसेवाडीपासून स्टेशनपर्यंत."

पप्पा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. तोंड एका बाजूला वाकडं झालं तरी हसतच राहिले. त्या दिवशी दोघं एक तास बोलले आणि कुणीही घड्याळ बघितलं नाही.

सोमवारी मी आईच्या हातच्या कोथिंबीर वड्या घेऊन दुकानात गेले. तेवढ्यात घरून आईचा फोन. "पप्पांना त्या भाऊंशी बोलायचंय."

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. प्रफुल्लभाऊंनी त्यांना हाताने थांबा म्हटलं, माझा फोन कानाला लावला आणि स्टुलावर बसले.

"बोला काका," ते म्हणाले. "सावकाश. मला काही घाई नाही."