अर्थ आधी, शब्द नंतर

त्या दिवशी बाबा कुरकुरले नाहीत. एवढं सोडलं तर तो दिवस इतर दिवसांसारखाच होता.

जेवणाच्या टेबलावर मुद्रितांचा गठ्ठा होता आणि आत स्वयंपाकघरात आत्याची भांडी वाजत होती. बाबा वापरातून गेलेल्या जुन्या इंग्रजी शब्दांचा मराठी कोश करत होते. शेवटची मुद्रितं आम्ही दोघं मिळून तपासत होतो. तपासायची रीत त्यांचीच. ते शब्दावर पोस्टकार्ड ठेवून नुसता अर्थ वाचायचे. शब्द मी ओळखायचा. मला ओळखता आला नाही, तर चूक अर्थाची. मग ते तो अर्थ खोडून नव्याने लिहायचे.

"अंथरुणात उशिरापर्यंत लोळणारा माणूस."

"स्लगअबेड. उदाहरणार्थ, आत्या."

"ऐकू येतंय मला," आत्या आतून म्हणाली. "दादा, हिला आवर. आणि चहाला काय नावं ठेवायची ती ठेवून टाक एकदाची."

"चहा फक्कड झालाय," बाबा म्हणाले.

आतली भांडी थांबली. आत्या हात पुसत दारात आली. "बरं नाही का रे तुला?"

ते हसले. सकाळपासून हसतच होते. गुडघ्याची तक्रार नाही, वर्तमानपत्रावर राग नाही. दाढी घोटून केली होती आणि मधूनच शीळ घालत होते. बाबांना शीळ घालता येते हे मला माझ्या चाळिशीत कळत होतं.

"मुकाट्याने सोसणे."

"थोल."

"हळूहळू खंगत जाणे."

"ड्वाइन."

"कबरस्तानाच्या दाराशी, प्रेत क्षणभर टेकवायचं छपराचं फाटक."

"लिचगेट. बाबा, आज सगळे असलेच आहेत का?"

"अगं, त्या लोकांकडे मरण सोडून बोलायला होतं काय?" असं म्हणून ते पुन्हा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आत्या माझ्याकडे बघून आत गेली.

मग त्यांनी पुढचा अर्थ वाचला. "मरण जवळ आलेला, आणि म्हणून स्वभावाला न शोभेल इतका, अकारण आनंदात असलेला."

शब्द माझ्या जिभेवर होता. मी मान वर केली. त्यांच्या गालांवर लाली होती. पोस्टकार्डावरची बोटं ताल धरत होती.

"येत नाही," मी म्हटलं.

"हा यायला हवा होता तुला."

"नाही आठवत. पुढचा घ्या ना."

"पुढचा कसा घेऊ? अर्थ लंगडा आहे म्हणजे."

त्यांनी ओळ खोडली. संध्याकाळपर्यंत ते त्या एका ओळीशी झटत राहिले, पण शीळ काही थांबली नाही.

सकाळी छापखान्यातून फोन आला की ते पान आज यंत्रावर चढवतोय.

"थांबवायला हवं," बाबा चपला शोधत म्हणाले.

"फोनवर सांगा की."

"फोनवर सांगितलं की भलतंच छापतात. मी बसतो तिथे आणि ओळ जुळवूनच येतो."

एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं म्हटलं तरी ते जिन्याच्या नावाने बोटं मोडायचे. त्या दिवशी ते दोन जिने शीळ घालत उतरायला निघाले. मी दारात उभी होते. अडवायचं तर कारण द्यावं लागलं असतं आणि माझ्याकडे कारण म्हणून एक शब्द होता. चार पुस्तकं वाचलेल्या बाईने असल्या कारणासाठी बापाला दारात अडवायचं?

"छत्री घ्या," मी म्हटलं. आभाळ स्वच्छ होतं. त्यांनी हसत छत्री घेतली.

छापखान्याच्या बाकावर ते बसले ते उठले नाहीत. मालक म्हणाले, काहीतरी विनोद सांगत होते, मध्येच थांबले. डॉक्टर म्हणाले, घरी खुर्चीत असते तरी हेच झालं असतं. मला ते पटलं. पटल्याने काही हलकं झालं नाही.

नंतर मालकांनी ते पान परत पाठवलं. जुनी ओळ खोडलेली, नवी दिलेली नाही. छापू काय, असा निरोप होता. मी पान टेबलावर ठेवून नुसती बसून राहिले. शेवटी आत्या समोरच्या खुर्चीत येऊन बसली.

"दे इकडे. दादा करायचा तसं करू."

"तुला इंग्रजी कुठे येतं?"

"अर्थ मराठीत आहे ना? शब्द तर झाकूनच ठेवायचाय." तिने शब्दावर पंजा ठेवला आणि काट मारलेली अक्षरं चष्मा सावरत लावत गेली. "मरण जवळ आलेला. आणि म्हणून स्वभावाला न शोभेल इतका…" तिचा आवाज खाली आला. उरलेलं तिने मनात वाचलं.

"अगं, त्या दिवशी चहा…" ती म्हणाली. मग शब्दावरचा पंजा तसाच ठेवून तिने विचारलं, "तुला येत होता का हा शब्द?"

मी तिच्याकडे बघत होते, पण उत्तर तिला द्यायचं नव्हतं.

"फे," मी म्हटलं. "येत होता, बाबा. अर्थ बरोबर होता. तुम्ही आज बाहेर जाऊ नका."