न मागण्याचा नेम

ओसरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला तो कप — कान तुटलेला, निळ्या फुलाची एकच पाकळी उरलेली — कौसल्येला आज पहिल्यांदा दिसला; म्हणजे तो बहात्तरच्या दुष्काळाच्याही आधीपासून तिथेच होता, आणि तुळशीला प्रदक्षिणा घालताना ती रोज एकशे आठ वेळा त्याच्यासमोरून जात होती, पण आज त्याच्यापायी आकडा चुकला. चौऱ्याण्णव की पंच्याण्णव... देवा, एक जास्तीची घालते, कमी नको.

सगळं तातेराव सरांमुळे. शाळेतल्या शिक्षकांच्या पंधरा ऑगस्टच्या नाटकात त्यांनी कौसल्येला, पाटलाच्या घरच्या सुनेला, मोलकरीण केलं. आणि मालकीण कोण, तर बेबीनंदाबाई — ज्या तिच्याकडे शाळेच्या कपाटाची किल्लीसुद्धा "सवडीनं द्या बाई" म्हणून मागायच्या. काल तालमीत मालकीण "ये" म्हणायच्या आत मोलकरीण खुर्चीवर बसली होती, पदरानं वारा घेत.

"सर, मला हुकूम सोडता येईना, यांना झेलता येईना," बेबीनंदाबाई म्हणाल्या. "कोण कोणाच्या घरी कामाला, हे लोकांना कळावं कसं?"

सर हसले नाहीत. "ही बाई दिवसभर राबते, कपाकडं बघते अन् चहा न मागता निघून जाते. का? मला तिच्या मनातलं कारण पाहिजे."

"तिचा नेम असेल," कौसल्या म्हणाली. "माझा आहे. चातुर्मासात पानात पडेल ते खायचं, मागायचं नाही."

सगळे शिक्षक हसले. बेबीनंदाबाई तेवढ्या खडूचे तुकडे करत राहिल्या... आणि सर म्हणाले, "उद्या संध्याकाळी बराबर कारण आणा, न्हाई तर ही भूमिका प्रभावतीबाईंना."

आणि मला ती हवी होती — देवापासून काय लपवायचं? सकाळी जपाच्या माळेवर बोटं होती आणि ओठांवर मोलकरणीचे संवाद.

दुपारी आमटीत मीठ नव्हतं. सासूबाईंना खुणावणं म्हणजेही मागणंच, म्हणून ती नुसती मिठाच्या बरणीकडे बघत राहिली, आणि मग एकदम वाटलं, हेच की ते, कपाकडे बघणं... पण बरणी माझीच होती. कार्तिकात नेम सुटला की हात लांबवायचा.

ओसरीवर घरकामाला येणारी साळूबाई तूर पाखडत होती.

"साळूबाई, तल्लफ आली तरी तू चहा मागत का नाहीस गं?"

सूप थांबलं नाही. "मागितला की तुमी आधी माझा त्यो कोनाड्यातला कप कुठं हाय ते बघता, मंग माझ्याकडं. त्यापरीस न मागितलेला बरा." मग फोलपटं फुंकून टाकत, "आज इचारून राह्यला... नवा नेम धरला का काय?"

"नाटकात मोलकरीण झालेय मी."

"तुमी?" आता मात्र मूठभर तूर सुपाबाहेर सांडली. ती वेचत साळूबाई खूप वेळ, आवाज न करता हसत राहिली.

कारण मिळालं होतं. भूमिका हातातून जाणार नव्हती. कौसल्येनं चहा ठेवला, दोघींचा. फळीवर कानवाले पाच कप, बाहेर कोनाड्यात तो एक... साळूबाईनं अर्थातच काही मागितलं नव्हतं, आणि आधण वर वर चढत होतं. मोलकरीण आता तिला पुरती कळली होती — फक्त मालकिणीनं पुढे काय करायचं, हे सरांनी अजून कुणालाच विचारलं नव्हतं.