आत्याचा ठोका आणि गायब पान

माझी आत्या गाणं शिकवते. शिष्य सगळे साठीच्या पुढचे. तिसरा मजला चढून आले की पहिली दहा मिनिटं नुसती धाप टाकण्यात जायची, म्हणून गेल्या वर्षी शिकवणी कॉम्प्युटरवर आली.

पंधरा दिवसांपूर्वी मात्र भलतंच सुरू झालं. मध्येच शिकवणीचं पान गायब! तेही नेमकं निवृत्त जज्जसाहेब गात असताना.

"कॉम्प्युटरलासुद्धा सोसवत नाही गं," आत्या फोनवर म्हणाली.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते, त्यामुळे नातेवाइकांची दुखणी माझ्याच गळ्यात. रविवारी गेले. ब्राउझर उघडला तर वर चौदा प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेली चिमुकली जादा साधनं, दाटीवाटीने बसलेले.

"ही कुठून आली?"

"अक्षरं मोठी करणारं एक मागवलं होतं. बाकीची वऱ्हाडासारखी मागोमाग आली."

मी एकेक बंद करायला लागले. पण मुळात बिघाड दिसायला तर हवा! आत्या तासभर गायली, पान जागचं हललं नाही.

"तू नीट गातेस म्हणून. जज्जसाहेबांसारखं गा बघू."

"चाळीस वर्षांच्या मेहनतीनंतर?" आत्या दुखावली. "ते माझ्याच्याने होणार नाही."

शेवटी मीच गायले. दुसऱ्याच ओळीला लय सोडून सुसाट सुटले. मला लयीत आणायला आत्याचा हात आपसूक ठोके देऊ लागला. माउस मुठीत, त्याचं उजवं बटण बोटाखाली गच्च दाबलेलं. एक ठोका खाली, एक उजवीकडे. पान गायब!

राहिलेल्या प्लगइनमध्ये एकावर हाताच्या पंज्याचं चित्र होतं. उजवं बटण दाबून माउस खाली आणि मग उजवीकडे ओढला की पान बंद करायचं, हेच त्याचं काम. मी ते काढून टाकलं आणि पुन्हा गायले. आत्याने कपाळाला आठ्या घालून ठोके दिले. पान ढिम्म.

"आता जज्जसाहेबांना फोन कर," मी म्हटलं.

"बाई," पलीकडून आवाज आला, "जन्मभर मी लोकांना समज दिली. मला कुणी दिली नव्हती. माझं गाणं ऐकून तुम्ही सहा वेळा वर्ग बंद केलात, तेव्हापासून रोज दोन तास रियाज करतोय. बायकोने स्वतःची खुर्ची गच्चीवर नेलीय."

आत्याचे कान लाल झाले. तिने खरं काय ते सांगून टाकलं. जज्जसाहेबांनी आशेने विचारलं, "म्हणजे माझं गाणं ठीक होतं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"सूर बरा आहे," ती सावकाश म्हणाली, "पण लय पळते हो तुमची. उद्यापासून अर्धा तास आधी येत जा, एकटेच."

"येतो, बाई!" जज्जसाहेबांना एवढा आनंद झाला की फोन ठेवायचंच विसरले. पलीकडून त्यांचं गाणं सुरू झालं. आत्या डोळे मिटून ऐकत राहिली, आणि पहिल्या दोन ओळी खरंच लयीत आल्या.