अठ्ठावन्न सालची, आहे तशी

माझं नाव विचारू नका, साल विचारा. मी अठ्ठावन्न सालची. दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची शर्यतीची गाडी. विलायतेत जन्मले, बोटीनं मुंबईला उतरले आणि एका इनामदारांनी मला कोल्हापुरात आणलं. त्यांनी मला चालवलं कमी, मिरवलं जास्त. म्हातारपणी त्यांना माझ्यात चढता-उतरता येईना, तेव्हा शेजारच्या गडमुडशिंगी गावातल्या एका गोठ्यात मला ढकलून ते मोकळे झाले. वीस वर्षं माझ्या सीटवर कोंबड्या अंडी उबवत होत्या. मालकापेक्षा कोंबड्या बऱ्या. त्यांनी निदान ऊब दिली.

अठ्ठ्याण्णव साली अरिहंत आला. वय वीस, इंजिनिअरिंगचं कॉलेज अर्ध्यात सोडलेला. का सोडलं ते त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. घरात कुणी ऐकत नसलं की माणसं गाडीशी बोलतात. कॉलेजात ड्रॉइंगची शीट काचेवर ठेवायची, काचेखाली बल्ब लावायचा आणि वरच्या वर्गातल्या पोराची शीट गिरवायची, अशी पद्धत. सरांनाही ठाऊक. या पठ्ठ्यानं एक पंप उघडून, मोजून त्याचं चित्र काढलं. सर म्हणाले, "सगळ्यांपेक्षा वेगळं आलंय, म्हणजे चुकलंय." अरिहंत जो उठला तो परत त्या बाकावर बसला नाही.

त्याचे वडील बाबासो. शिरोलीत त्यांचा ओतकामाचा कारखाना. घरात नि कारखान्यात सगळे त्यांना आण्णा म्हणत. मला बघून आण्णा म्हणाले, "एक मोड घरात हुता, आता दुसरा आणला." मोड म्हणजे वितळवायचं भंगार.

पोरानं ऐकून घेतलं. कारखान्याच्या शेडच्या कोपऱ्यात मला उभं केलं आणि तीन वर्षं माझा एकेक भाग सोडवला, धुतला, मोजला, वहीत काढला आणि मगच दुरुस्त केला. येणारेजाणारे हसत. "चित्रकार हाय आमचा," आण्णा पाहुण्यांना सांगत. पाहुणे चहा पिऊन हसत. थोरामोठ्यांचं हसणं फार स्वस्त असतं.

त्याला मोजूनमापूनच काम करायचं होतं, त्याला कारण होतं. दोन हजार एक साली जुन्या गाड्यांची एक रॅली कोल्हापुरातून निघून गगनबावड्याच्या घाटानं कोकणात उतरणार होती. तिच्या नियमांचं पुस्तक अरिहंतच्या उशाला असे. त्यातला मुख्य नियम सोपा होता: गाडी ज्या सालची, त्या सालात तिला जे होतं तेच असायला हवं. भाग नवा करून घातला तरी चालेल, पण त्याच मापाचा, त्याच धातूचा, त्याच पद्धतीचा. कमी चालणार नाही, आणि जास्तही चालणार नाही.

आण्णांनी त्याच्याशी बोली केली. "गाडी रॅलीला उभी राहिली तर हा कोपरा तुझा. काय दुकान घालायचं ते घाल. न्हाई राहिली, तर गाडी भट्टीत आणि तू कॉलेजात."

म्हणजे मी वितळणार की धावणार, आणि पोरगा गिरवणार की जगणार, हे एकाच दिवशी ठरणार होतं.

रॅलीवाल्यांच्या तपासणीआधी तीन दिवस अरिहंत टायर आणायला पुण्याला गेला. त्याच दुपारी आण्णा आणि ज्ञानू मिस्त्री माझ्याकडं आले. ज्ञानू मिस्त्री म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे साचे करण्यात ज्याचा हात कुणी धरणार नाही असा माणूस, आण्णांच्या बरोबरीचा. दोघांनी माझी पुढची चाकं काढली, बिडाचे जुने ब्रेकचे ड्रम उतरवले आणि नव्या जमान्याचे डिस्क ब्रेक बसवले. काम झकास केलं, खोटं कशाला बोलू? आणि माझे ड्रम संध्याकाळच्या भट्टीत गेले. आण्णांच्या शेडात बिडाचा तुकडा दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

तपासणीच्या सकाळी ज्ञानू मिस्त्रीनं मला मैदानावर नेलं. अरिहंत एसटीनं थेट तिथंच उतरला, खांद्यावर टायर घेऊन. बंगळूरहून आलेल्या तपासनिसांनी माझं पुढचं चाक काढायला लावलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ब्रेक उत्तम आहेत. पण हे अठ्ठावन्न सालात नव्हते."

"साहेब, त्यापेक्षा भारी हायत की!" ज्ञानू मिस्त्री छाती काढून म्हणाला.

"तेच तर," तपासनीस म्हणाले. "गुरुवारपर्यंत मूळचे ब्रेक दाखवा. नाहीतर गाडी बाद."

चार दिवस.

अरिहंतनं टायर माझ्या सीटवर टाकले. शेडात येऊन वडिलांसमोर उभा राहिला. "मुद्दाम केलासा! गाडी बाद व्हावी, मी कॉलेजात जावं, म्हणून केलासा तुम्ही!"

एरवी चार वाक्यांत माणूस भाजून काढणारा हा माणूस मान खाली घालून भट्टीकडं निघून गेला.

बोलला तो ज्ञानू मिस्त्री. "पंच्याऐंशी साली आपण ट्रकचं ड्रम वतायचो, पोरा. एक ड्रम घाटात तडकला. ड्रायव्हर गेला. दोष ड्रमाचा का जादा मालाचा, कुणाला कळलं न्हाई. पर त्या दिवसापास्नं आण्णांनी ड्रम वतला न्हाई. तू आता त्याच बिडावर घाट उतरणार म्हणलास. झोप लागंना झाली त्यास्नी."

"मग मला सांगायचं की!"

"सांगायची सवय असती तर काय पायजे हुतं?"

तीन वर्षं मी आण्णा नावाच्या त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या. एकही मागं घेत नाही. पण त्या दिवशी त्याचं खाली गेलेलं डोकं बघून मला बरं वाटलं नाही.

अरिहंतनं वही उघडली. त्यात माझा पुढचा ड्रम होता, चारी बाजूंनी, एकेक माप लिहिलेला. वही घेऊन तो भट्टीशी गेला. "आण्णा, दोन ड्रम वतायचे हायत."

"मी ड्रम करत न्हाई."

"माहीत हाय. तरी करायचे हायत."

आण्णांनी वही घेतली. बराच वेळ पानावर बोट फिरवत राहिले. "हे तू मोजून काढलंस?" एवढंच विचारलं. चित्रकार म्हणाले नाहीत.

ज्ञानू मिस्त्रीनं साचा केला. मंगळवारी पहिला ड्रम ओतला, लेथवर चढवला. अरिहंतनं माप घेतलं आणि मान हलवली. "ही कड जाड हाय."

"जरा जाड ठेवली. मजबूत व्हईल. काय बिघडतंय?"

"बाद व्हईल, आण्णा."

आण्णांनी तो ड्रम स्वतःच्या हातानं परत भट्टीत टाकला. दुसऱ्या खेपेला वहीत होतं तेच आलं, केसभर कमी नाही, जास्त नाही. गार झाल्यावर आण्णांनी दोन्ही ड्रम टांगून हातोडीनं वाजवले. तडा असेल तर बीड भद्द बोलतं. माझे ड्रम देवळातल्या घंटेसारखे बोलले. तरी आण्णांनी ते पाच-सहा वेळा वाजवले.

गुरुवारी तपासनिसांनी ड्रम पाहिले, कागद पाहिले, शिक्का मारला.

शुक्रवारी सकाळी मी सुरुवातीच्या रेषेवर उभी होते. शेजारच्या सीटवर घड्याळ धरून वेळ सांगायला अरिहंतचा एक मित्र बसणार होता. तोवर आण्णा आले. स्वच्छ टोपी घातलेली, हातात तेच घड्याळ.

"उतर रे," मित्राला म्हणाले. "ड्रम मी वतलाय. मी बसणार."

घाटात प्रत्येक वळणाला त्यांचा पाय मोकळ्या फळीवर दाबला जात होता, तिथं ब्रेक नसतानाही. मी धरलं. प्रत्येक वेळी धरलं. खाली उतरल्यावर ते वाकले आणि माझ्या ड्रमला बोट लावलं. चरचरीत चटका बसला. बोट तोंडात घालून तो माणूस हसला आणि हसता हसता रडला. अरिहंतनं दुसरीकडं बघितलं. मीही.

नंबर आमचा शेवटून तिसरा. वेळ सांगायचं सोडून आण्णा ब्रेककडंच बघत होते.

आता दोन हजार नऊ चालू आहे. कोपऱ्याचं दुकान झालंय. अरिहंत जुन्या गाड्या त्यांच्या सालाप्रमाणे उभ्या करतो. मी दाराशी असते आणि माझ्या शेजारी स्टुलावर आण्णा असतात. केस गेले, खोड गेली नाही.

घराघरांतल्या आण्णांनो, तुमची माया खोटी नाही. पण ती माणसाच्या पाठीमागं चाकं काढते. एवढं करा, आधी विचारा. नको म्हटलं तर नट जागेवर राहू द्या.

आमचे आण्णा शिकले. कालच माझ्या स्टेअरिंगवर हात ठेवून आत हाक मारली, "अरिहंत, हिचं स्टेअरिंग लई जड हाय रे. काहीतरी हलकं बसवूया का?"

"आण्णा!"

"अरं, विचारलं की!" आण्णा म्हणाले, आणि हात काढून घेतला.