पेन्सिलीतला पारा

शीलाच्या पत्राला गिरधरनानांनी उत्तर दिलेच नव्हते. अकरा महिने ते हवामानाच्या वहीत पडून होते. "नाना, माझी आई शांतीबाई अठरा एप्रिलला मिरची वाळवायच्या पथारीवर मिरच्या पसरताना पडली, ती उठलीच नाही. सरकारी कागदावर लिहिलंय, त्या दिवशी माणूस मरावं एवढं ऊन नव्हतं. आता लोक म्हणतात, दारू पिऊन पडली. आईने दारूला कधी हात लावला नाही. तुम्ही कोरीटला रोज पारा लिहिता. त्या दिवशीचा आकडा कळवा."

आकडा नानांकडे होता. एक नव्हे, दोन. तिथेच घोडे अडले होते.

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुस्तकात वाचून सुताराकडून तापमापकासाठी झडपांची पांढरी पेटी करून घेतली होती. जमिनीपासून चार फूट, दार उत्तरेला. तिच्यातला दिवसाचा कमाल पारा ते संध्याकाळी पेन्सिलीने लिहीत आणि सकाळी पेपरातला आकडा पाहून मग शाईने. फरक अंशाहून जास्त निघाला की स्वतःचाच खोडत. सरकारी यंत्रापुढे आपली पेटी ती काय! अठरा एप्रिलला पेन्सिलीने ४६.२ होते. शाईने ४३.१.

"तो पेपरवाला आपला अंगणमा यीसन पारा देखस का?" बायको निर्मलाबाई टोमणा मारत. नाना कसनुसे हसत.

परवा ते शेजारच्या गावी सांत्वनाला गेले. पेपरातला आकडा ज्या यंत्राचा, ते याच गावात होते. इतकी वर्षे नुसते वाचले, एकदा बघावे तरी, म्हणून भर दुपारी तिकडे वळले.

यंत्र भल्यामोठ्या कडुलिंबाखाली होते. कुंपणावर ओली गोणपाटे टाकलेली. खाली चौघांचा पत्त्यांचा डाव रंगला होता.

"या नाना, बसा!" त्यातल्या ओळखीच्या जालमसिंगने सरकून जागा केली. "गावमा यानासारखी थंडी जागा नई शे. कूलर फेल!"

"कोणी तपासायला येत नाही?"

"येतस ना. सायब बी आठेच, याच सावलीमा डबा खातस."

नानांचा जन्मात कधी वर न गेलेला आवाज फाटून बाहेर आला.

"ह्या सावलीचा आकडा छापता, आणि उन्हात मेलेल्या बाईला दारुडी ठरवता?"

जालमसिंगच्या हातातले पान हातातच राहिले. "नाना, आम्ही पत्ता खेळतस. आम्ही कोठे छापतस?"

खरेच होते. त्याने काही छापले नव्हते, काही खोडलेही नव्हते. खोडणारा माणूस छत्री विसरून तरातरा घरी निघाला होता.

निर्मलाबाईंनी पाणी पुढे केले. नानांनी ते घेतले नाही. वही खिडकीशी तिरकी धरली. शाईखाली पेन्सिलीची खूण अजून दिसत होती. पाने उलटली, तशा आणखी खुणा दिसत गेल्या. दर उन्हाळ्यात. स्वतःच्या थोबाडीत मारावी असा संताप त्यांच्या अंगात चढला. त्या संतापातच त्यांनी लिहायला घेतले.

"चि. शीला, त्या दिवशी पारा ४६.२ होता. मी तो खोडला, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. पेपरातला आकडा लिंबाच्या सावलीतला आहे. ती जागा मी डोळ्यांनी पाहिली. वही घेऊन तू म्हणशील तिथे येऊन हे सांगेन. अकरा महिने गप्प बसून मी तुझ्या आईला बोल लावू दिला. माफ कर असे लिहायला मला तोंड नाही."

निघताना त्यांनी पेटी उघडून पाहिली आणि थेट पोस्ट गाठले.

"रजिस्टर कर," ते म्हणाले.

खिडकीतल्या इंद्रसिंगने घाम पुसत पाकिटावर शिक्का मारला. "कितलं ऊन शे आज, नाना? सकायले पेपरमा यीनच म्हना."

"पंचेचाळीस पूर्णांक आठ," नाना म्हणाले. "आत्ताच लिहून घे. शाईनं."