सरांचा पत्ता

"मेल जायलेत बाई, तिकडं पोचायलेतबी. पण समदे स्पॅममधी पडत असतील," धोंडप्पा स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"म्हणजे कचऱ्यात? माझं पंचांग?" चंद्रप्रभाबाईंनी चष्मा वर केला.

धोंडप्पा उदगीरच्या कॉलेजातला कारकून. प्रिंटर रुसला की सगळ्यांना तोच आठवे. नवा माणूस लागला की त्याचा मेलचा पत्ता उघडायचा आणि माणूस गेला की बंद करायचा, हेही त्याच्याकडेच. आज रविवार असूनही तो आला होता, कारण त्याच कॉलेजात शिकवणाऱ्या रेणुकादास सरांचं घर त्याला परकं नव्हतं. सरांनीच त्याला कॉलेजात चिकटवलं होतं. सर जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

रोज सकाळी पूजा झाली की त्या दिवसाची तिथी आणि सणवार लिहून सर साऱ्या नातेवाइकांना एकगठ्ठा मेल करीत. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नीनं, चंद्रप्रभाबाईंनी, तो नेम आपल्या पत्त्यावरून चालू ठेवला. खरा जीव अडकला होता कॅनडातल्या मुलामध्ये, श्रीनाथमध्ये. वडिलांचं वर्षश्राद्ध तिथीनंच करायचं, म्हणून बाईंनी तिथी मेलवर कळवली होती. उत्तर आलं नव्हतं. फोनवर दोघं जेवणाखाण्याचं, औषधांचं बोलत. हा विषय काढायला बाईंचं मन धजत नव्हतं. पोरगा बापाला विसरला, हे त्याच्याच तोंडून कशाला ऐकायचं?

धोंडप्पानं श्रीनाथला स्पीकरवर फोन लावला आणि स्पॅमची पेटी उघडायला सांगितली. श्रीनाथनं ती उघडली.

"आई, इथं आहेत गं सगळे," तो म्हणाला. "मला वाटलं, बाबा गेले आणि तू लिहायचंच सोडलंस. विचारायचा धीर झाला नाही."

डोळे पुसून बाई हसल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "आता परत असं व्हायचं नाही ना रे?"

धोंडप्पा घुटमळला. "व्हईल, बाई. तुमचा एक मेल रोज बंद पत्त्यावर जाऊन माघारी येतोय. असं लई दिवस झालं की मशीनला तुमचाच संशय येतो. त्यो पत्ता काढावा लागतोय."

"कुणाचा?"

त्यानं पहिल्याच नावावर बोट ठेवलं. ते सरांचं होतं.

बाईंनी चष्मा काढला. "ते वाचत नाहीत हे कळतं रे मला. पण जन्मभर चहासुद्धा आधी त्यांना दिला, मग बाकीच्यांना. माझ्या हातानं नाही व्हायचं. तूच काढ, मी आत जाते."

धोंडप्पाचा हात माऊसवर तसाच राहिला. वरून आदेश आला म्हणून सरांचा पत्ता त्यानंच बंद केला होता. सरांना दुसऱ्यांदा पुसायचं त्याच्या जिवावर आलं.

बाई चहा घेऊन बाहेर आल्या. "काढलंस?"

"न्हाई. ऱ्हाऊ द्या तसंच. कॉलेजात बघतो मी."

सोमवारी तो प्राचार्यांसमोर उभा राहिला. "रेणुकादास सरांचा पत्ता परत चालू करायचाय, सर."

"गेलेल्या माणसाला पत्ता कशाला?"

"घरून मेल येतात त्यांना."

प्राचार्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

मंगळवारी सकाळी धोंडप्पानं सरांची पेटी तपासली. एक मेल येऊन पडला होता, ठळक अक्षरांत, न उघडलेला. माघारी गेला नव्हता. धोंडप्पानंही तो उघडला नाही. बाईंनी सरांना लिहिलेलं होतं ते. त्यानं पेटी बंद केली आणि प्रिंटर बघायला गेला.