जात्याशेजारी थांबलेली डिस्क

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. उमरग्याच्या मोनिकाताईंच्या लॅपटॉपच्या पोटात राहते. लॅपटॉप चालवायला वेगळी चिप आहे, मी फक्त फोटो-गाणी सांभाळते. मिनिटाला पाच हजार चारशे वेळा फिरणारी चकती आणि तिच्यावरून केसाहून कमी अंतरावर सरकणारा हात, एवढाच माझा संसार.

कारखान्यातून निघाले तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका. थांबणं मला कमीपणाचं वाटे. मोनिकाताईही मला चालूच ठेवून स्कूटीवर न्यायच्या. एकदा खड्ड्यात दणका बसला आणि त्यांच्या लग्नाचे अर्धे फोटो गेले. दुरुस्तीवाले गुंडप्पा म्हणाले, "ताई, फिरती डिस्क हलवायची न्हाय. आधी झोपवा, मग उचला. बॅटरीबी लई टिकंल." काम नसलं की मी दहा मिनिटांत आपोआप थांबेन, अशी सोयही त्यांनी केली. मला तेव्हा रागच आला.

मग तो दिवस उजाडला. मोनिकाताईंच्या सासूबाई शांताक्का यांच्या घशाचं दुसऱ्या दिवशी सोलापूरला ऑपरेशन होतं. गाता आवाज परत येईल, याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. त्यांच्या ओव्या आजच रेकॉर्ड करायच्या होत्या. सकाळपासून लाईट नव्हती आणि बॅटरी तीस टक्के होती.

"आत्या, नुसत्या म्हणा की," मोनिकाताई सासूबाईंना म्हणाल्या.

"जातं फिरल्याबिगर ओवी येत न्हाय गं, मोनिका."

शांताक्कांचा आवाज बसलेला, म्हणून लॅपटॉप जात्याला खेटून ठेवावा लागणार होता. मोनिकाताईंना गुंडप्पांचे शब्द आठवले. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, रेकॉर्डिंग त्यात वळवलं आणि मला झोपवलं. माझी घरघर पूर्ण थांबल्यावरच लॅपटॉप उचलला. जातं फिरू लागलं, फरशी थरथरली. मी हात आवरून गप्प बसले, आणि त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला.

एकतीस ओव्या झाल्या तेव्हा बॅटरी चार टक्के उरली होती. मी उगाच फिरत राहिले असते, तर शेवटच्या ओव्या राहूनच गेल्या असत्या. लाईट आल्यावर त्या माझ्यातही उतरवल्या.

मित्रांनो, तुमच्या जुन्या डिस्कला फुकट फिरवू नका. फिरत असताना उचलूही नका. तिला थांबायला वेळ द्या, ती तुम्हाला वर्षानुवर्षं साथ देईल.

ऑपरेशन नीट झालं, पण शांताक्कांना आता गाता येत नाही. परवा त्यांनी बोटानं लॅपटॉप दाखवला. मी जागी झाले. ओवी सुरू झाली आणि त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरू लागला. ओवी संपली तेव्हा त्या कुजबुजल्या, "अजून एक लाव."

मी फिरतच होते.